भर समुद्रात ह्यांचा साठावा वाढदिवस. काय काय करता येईल?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही रत्नागिरीचे, घर भाट्याच्या खाडीजवळ. हे मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या एका जुन्या जहाजसोबत्याकडे अडतीस फुटी शिडाची बोट आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं मुरगाव बंदरातून निघून सेशेल्सला जाणार आहोत. अंतर साधारण १६०० सागरी मैल. कप्तान, म्हणजे ते मित्र, म्हणतात की दिवसाला शंभर-एकशेवीस मैल धरा, विषुववृत्ताजवळ वारा पडला तर त्याहून कमी. म्हणजे पंधरा ते अठरा दिवस.

आता मुद्द्याचं. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली. त्यात ह्यांच्या वाढदिवसाला आम्ही दोघं एका छपराखाली किती वेळा होतो ते मी बसून मोजलं. नऊ वेळा. बाकी सगळे वाढदिवस कुठल्या ना कुठल्या जहाजावर गेले. यंदा १५ फेब्रुवारीला त्यांना साठ पूर्ण होतात आणि त्या दिवशी मी त्यांच्यासोबत असेन, पण जमिनीपासून शेकडो मैल लांब. हा दिवस मला मनापासून नीट करायचाय.

अडचणी सांगते. बोटीवर फ्रिज नाही, एक लहान थंड पेटी आहे ती चार दिवसांत गरम होते. काही लपवून ठेवायला जागा नाही. घरच्यांशी फोन नाही. आणि मला पहिले दोन दिवस बोट लागते, पुढे ठीक असते. काय न्यावं, काय करावं, काय अजिबात करू नये, सगळं सांगा.

शिट्टीचा_कुकर

ताई, मी गुहागरचा. सव्वीस वर्षं जहाजांवर चीफ कुक होतो. जहाजावर वाढदिवसाचा केक म्हणजे माझंच काम, पण तिथे माझ्याकडे भला मोठा ओव्हन असायचा. शिडाच्या बोटीचं गणित वेगळं.

तुमची शेगडी झुलती असेल, म्हणजे बोट कलली तरी शेगडी सपाट राहते. पण ती एकाच दिशेने झुलते. बोट पुढे-मागे डुलली की पातेल्यातलं पीठ सरकतंच. कुकरमध्ये तळाला मीठ घालून, शिट्टी आणि रिंग काढून केक होतो, मी स्वतः केलाय. पण एका बाजूला दोन बोटं जाड आणि दुसऱ्या बाजूला पापड असा निघू शकतो. मध्येच डबा अर्धा फिरवलात तर बरा बसतो. तरी माझं ऐकाल तर केकचा हट्ट धरू नका. आंब्याचा सांजा करा. आमरसाचे बंद डबे तुमच्या रत्नागिरीत पावलोपावली मिळतात, रवा-साखर-तूप टिकतं, आणि सांजा कललेल्या बोटीवरसुद्धा सांजाच राहतो.

अंडी नेणार असाल तर गावठी, न धुतलेली आणि एकदाही फ्रिजमध्ये न गेलेली घ्या. तेलाचा हात फिरवा आणि दर दोन दिवसांनी उलटी करा. तीन आठवडे सहज जातात. फोडताना वेगळ्या वाटीत फोडायचं, एकदम पातेल्यात नाही.

एक कळकळीची सूचना. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर निघून जात नाही, बोटीच्या तळात साचतो. स्वयंपाक झाला की नुसतं बटण नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. आणि तो बंद केल्याशिवाय मेणबत्ती, निरांजन काहीही पेटवायचं नाही. ह्यात तडजोड करू नका.

फत्तेमारी

ताईनु, मी मालवणचो. माझो आजो फत्तेमारीर तांडेल होतो.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. आजोबांची फत्तेमारी, म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, मंगळुरी कौलं घेऊन मुंबईला जायची. लाकडी खोक्यात वाळू भरून त्यावर चूल. ते सांगायचे की बोटीवर सण असो की कुणाचं काही असो, आधी नारळ दर्याला, मग माणसांच्या तोंडात. तुम्हीही न्या, पण सोललेला नेऊ नका. असोला नारळ न्या. सालीसकट नारळ महिनाभर काही होत नाही. सोललेला खाऱ्या दमट हवेत आठ दिवसांत वास मारायला लागतो. पाच-सहा असोले असले की भर समुद्रात तुमच्याकडे ताजं खोबरं. साठाव्याला ताज्या खोबऱ्यावाचून कोकणी माणसाचं पान कसं वाढणार?

मांडवी_तीर

मी पणजीचा. स्वतःच्या लहान बोटीने बायकोसोबत मालदीवपर्यंत गेलोय, त्यामुळे ह्या विषयाची ओढ आहे.

खाण्याचं सगळे सांगतील. मी वेगळं सांगतो. तुम्ही तिघं आहात, म्हणजे बहुधा तीन तास वॉच, म्हणजे सुकाणूवरचा पहारा, आणि सहा तास सुट्टी. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात सुट्टीच्या सहा तासांत जेवण, भांडी, दुरुस्ती आणि राहिली तर झोप. एकजण वर सुकाणूवर, एकजण खाली झोपलेला. नवरा-बायको अडतीस फुटांत राहून दिवसातून तासभर एकत्र जागे असले तरी पुष्कळ. बाराव्या दिवशी ह्या माणसाला सगळ्यात जास्त काय हवं असेल? झोप. त्याच्या रात्रीच्या वॉचचे तास तुम्ही आणि कप्तान वाटून घ्या आणि त्यांना सलग झोपू द्या. माझ्या बायकोने मला एकदा सात तास झोपू दिलं होतं. ती भेट मी अजून विसरलो नाही.

दुसरं म्हणजे बोट थांबवा. वारा असेल तर पुढचं शीड उलट्या बाजूने धरायचं, सुकाणू वाऱ्याच्या अंगाला वळवून बांधून ठेवायचं. शीड एकीकडे ढकलतं, सुकाणू दुसरीकडे, आणि बोट जवळजवळ जागच्या जागी सावकाश तरंगत राहते. डुलणं एकदम कमी होतं, ताट मांडीवर राहतं. दोन तास तिघांनी एकत्र बसून जेवायचं. १६०० मैलांत दोन तासांनी काही बिघडत नाही. कप्तानांना आधीच विश्वासात घ्या.

करू नये ते: फुगे नेऊ नका, चमकी नेऊ नका. प्लास्टिकचा कण समुद्रात टाकायला कुठेही परवानगी नाही, आणि वाऱ्याने उडालेला फुगा परत आणता येत नाही. आणि मुलं 'सॅटेलाइट मेसेंजर घेऊन जा' म्हणतील, तर आपल्या देशात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र जवळ बाळगणं गुन्हा आहे. आमच्या गोव्यात विमानतळावर लोक पकडले गेलेत. कप्तानांकडे रीतसर परवाना असेल तरच.

आणखी एक मनात आलं. नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून 'म्हादेई' ह्या शिडाच्या बोटीवर एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ ला परतले. २६ जानेवारीला त्यांनी केप हॉर्न, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं टोक, ओलांडलं. त्यांचा वाढदिवस फेब्रुवारीतला, म्हणजे तो दक्षिण अटलांटिकमध्ये, सोबत चिटपाखरू नसताना. 'म्हादेई' इथे आमच्या दिवाडी बेटावर बांधलेली. तिच्याकडे पाहताना मला दर वेळी त्या एकट्या वाढदिवसाची आठवण येते. तुम्ही तर तिघं आहात.

उकडीचे_मोदक

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण मला हे पटत नाही. साठीची शांत घरी, देवासमोर, मुलाबाळांत, सासूबाईंच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. हौस म्हणून पुढच्या वर्षी जाता येईल की. साठी एकदाच येते.

खाडीकाठची

वाईट नाही वाटलं. सासूबाईंनाच आधी विचारलं मी. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. म्हणाल्या, "त्याचं निम्मं आयुष्य पाण्यावर गेलं आणि तू काठावर बसलीस. आता जा त्याच्याबरोबर." शांत आम्ही परत आल्यावर करू, गुरुजींशी बोलणं झालंय. पण तुमचं म्हणणं मनात ठेवते.

मांडवी_तीर, झोपेचं तुम्ही बोललात ते मला सुचलंच नसतं. कप्तानांशी बोलते.

पंचांगवाला

ताई, यजमानांचा जन्म १५ फेब्रुवारी १९६५ चा ना? मग त्या दिवशी माघ पौर्णिमा होती. यंदा माघ पौर्णिमा १२ फेब्रुवारीला, म्हणजे तारखेच्या तीन दिवस आधी. तिथी ११ ला संध्याकाळीच लागते.

हे असं का होतं ते सांगतो, मला ह्या हिशेबाची फार आवड. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात. म्हणून १९, ३८ आणि ५७ व्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी हातात हात घालून येतात. साठाव्याला ती तीनएक दिवसांनी सुटतात. पण साठाव्याचं वेगळं वैशिष्ट्य आहे: संवत्सराचं नाव परत येतं. यजमान जन्मले तेव्हा शके १८८६, क्रोधी नाम संवत्सर. यंदा शके १९४६, पुन्हा क्रोधी. साठ नावांचं चक्र पूर्ण होतं म्हणून तर षष्ट्यब्दी.

तुमच्या दृष्टीने ह्यात एक सोय आहे. तुमच्याकडे दोन वाढदिवस आहेत. एका दिवशी हवामान बिघडलं तर दुसरा. आणि तिथीचा दिवस ओळखायला पंचांगही लागणार नाही, वर बघितलं की झालं. जन्मापासूनची ही ७४२ वी पौर्णिमा. हजारावी येते ऐंशी वर्षं आणि दहा महिन्यांच्या सुमारास, तेव्हा सहस्रचंद्रदर्शन करा.

देवगडची_सून

खाडीकाठची, तुमचं 'नऊ वेळा' वाचून गळा दाटला. माझा नवरा सेकंड ऑफिसर आहे. त्याच्या वाढदिवसाला मी फोटोसमोर पाट मांडते, औक्षण करते आणि त्याच्या आवडीची कुळथाची पिठी नि भात मुलाला खायला घालते. एका वर्षी तो अमेरिकेहून जपानकडे जात होता आणि तारीख-रेषा ओलांडताना त्याचा वाढदिवसाचा दिवसच कॅलेंडरमधून निघून गेला. जहाजावर आदल्या दिवशी झोपले ते थेट दुसऱ्या दिवशीच्या तारखेला उठले. मी इथे औक्षण करत होते त्या तारखेचा दिवस त्याच्याकडे आलाच नाही. त्या वर्षी मला फार लागलं होतं ते.

माझी सूचना: फोन होणार नाही ना, मग आवाज आधी भरून न्या. मुलं, सासूबाई, भावंडं, जुने जहाजसोबती. 'हॅपी बर्थडे' म्हणायला लावू नका, प्रत्येकाला एक आठवण सांगायला लावा. मोबाइलला लपवायला जागा लागत नाही.

खाडीकाठची

हे करणारच. आजपासून सुरुवात. सगळ्यांचे मनापासून आभार. आता थेट पोचल्यावर लिहीन.

खाडीकाठची

मंडळी, पोचलो. व्हिक्टोरिया बंदरात तीन दिवसांपूर्वी नांगर टाकला. एकूण अठरा दिवस लागले. आता सविस्तर सांगते, कारण जे ठरवलं होतं त्यातलं निम्मं तसं झालं नाही.

३ फेब्रुवारीला पहाटे निघालो. पहिले दोन दिवस मी बादली आणि बिछाना एवढ्यातच होते. तिसऱ्या दिवशी आल्याचा तुकडा चघळत वर येऊन बसले आणि मग कधी बरी झाले कळलं नाही. वारा ईशान्येचा, मागून-बाजूने, शिडं दिवसेंदिवस हलवावी लागली नाहीत. उडते मासे रात्री डेकवर येऊन पडायचे. कप्तानांनी गळाला एक कुपा काढला, त्याचं कालवण दोन वेळा पुरलं.

माझा बेत १५ तारखेचा होता. तिथीचा दिवस पावसापाण्यासाठी राखून ठेवला होता, आणि खरं सांगायचं तर तो माझ्या डोक्यातून गेला होता.

११ च्या रात्री बारा ते तीन माझा वॉच. घड्याळं आम्ही भारतीय वेळेचीच ठेवली होती, पण आम्ही इतके पश्चिमेला आलो होतो की चंद्र डोक्यावर यायला दीड वाजला. आणि तो अगदी डोक्यावर आला. डोलकाठीची सावली तिच्याच पायाशी गोळा झाली. पाणी सगळं एका रंगाचं, क्षितिज कुठे आहे ते कळेना. मी सुकाणूपाशी बसले होते. तेवढ्यात हे वर आले. त्यांचा वॉच तीनला होता, झोपायला हवं होतं. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "झोप येईना. आज माघ पौर्णिमा ना? आई म्हणते मी ह्या चांदण्यात जन्मलो."

मी काही बोललेच नाही. खिशातून मोबाइल काढला आणि सासूबाईंचा आवाज लावला. तो १५ तारखेला सगळ्यांत शेवटी ऐकवायचा होता. त्यात त्या सांगतात की घरात दिवे नव्हते, कंदिलाची वात उतरत आली होती, आणि सुईण चांदण्यातून माडाच्या झापाचा पंखा हातात घेऊन चालत आली. "तू रडलास आणि मी खिडकीतून चंद्र बघितला." एवढंच. दीड मिनिटाचं आहे. हे माझ्या शेजारी बसून ऐकत होते. मग म्हणाले, परत लाव. चार वेळा लावला.

पिठाच्या डब्यात बुंदीचे चार लाडू लपवलेले होते, ते तीन वाजता वॉच बदलताना आणले. कप्तान झोपले होते, त्यांना उठवलं नाही. मी खाली गेलेच नाही, ह्यांच्या वॉचभर तिथेच बसून राहिले. उजाडेपर्यंत आम्ही बोलत होतो. बत्तीस वर्षांत एवढं सलग कधी बोललो होतो आठवत नाही.

आणि १५ तारीख? सकाळपासून स्क्वॉल. काळा ढग येतो, वाऱ्याचा फटकारा, पाऊस, वीस मिनिटांत सगळं संपतं आणि वारा पार मरतो. मग पुढचा ढग. दिवसभर शिडं आखडायची, सोडायची, परत आखडायची. शिट्टीचा_कुकर, तुमचं न ऐकता मी केक केला. डबा फिरवायला कुकर उघडला आणि त्याच क्षणी बोट कलली. अर्धं पीठ मिठात. मला रडूच आलं. एवढ्या लांब येऊन, एवढं ठरवून. मग तोंड धुतलं आणि सांजा केला.

संध्याकाळी वारा जरा बसला तेव्हा कप्तानांनी न सांगता पुढचं शीड उलटं धरलं, सुकाणू बांधलं आणि म्हणाले, "वहिनी, आता दोन तास बोट तुमची." मांडवी_तीर, अगदी तुम्ही लिहिलं तसं झालं. कुणीतरी हात धरून बसवावं तशी बोट बसली. फत्तेमारी, नारळ आधी दर्याला दिला, ह्यांच्या हाताने. दुसरा फोडला, खोबरं गोड होतं. कणकेचे पाच दिवे केले होते. सिलिंडर बंद केला, केबिनमध्ये एकच पेटवला आणि औक्षण केलं. ह्यांच्या अंगात ओला शर्ट, केसांत मीठ, कपाळावर कुंकू. कप्तानांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे सगळे आवाज तेव्हा ऐकवले. लेकाने सांगितलं की बाबा घरी आले की पहिले दोन दिवस तो त्यांच्या बॅगेचा वास घेत बसायचा. हे ह्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मग त्यांना झोपायला पाठवलं. नऊ वाजता झोपले ते साडेचारला उठले. मी आणि कप्तान आलटून पालटून होतो. उठल्यावर घड्याळ बघून रागावलेच, माझा वॉच का घेतलात म्हणून. म्हटलं, भेट आहे. गप्प बसले.

पंचांगवाला

ताई, तिथीची रात्र तुम्हाला तशी मिळाली हे वाचून फार आनंद झाला. मातोश्रींना माझा नमस्कार सांगा.

उकडीचे_मोदक

मी आधी जे लिहिलं होतं ते आता लिहिलं नसतं. शांत कधी आहे ते कळवा, आम्ही गणपतीपुळ्याजवळच राहतो.

खाडीकाठची

नक्की कळवते, यायचंच. इथून सासूबाईंना फोन लावला तेव्हा प्रवास कसा झाला, तब्येत कशी, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "पौर्णिमेला ढग होते का गो?" नव्हते म्हटलं. मग फोन ह्यांच्याकडे मागितला.

देवगडची_सून

माझा नवरा मेमध्ये उतरतोय. त्याचा वाढदिवस ऑगस्टात. ह्या वेळी तो निघायच्या आधी तिथी कधी येते ते बघणार आहे. पंचांगवाला, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करते.

शिट्टीचा_कुकर

केकचं वाचून हळहळलो. पण सांजा जमला ना? किती जणांचा केलात, प्रमाण काय घेतलंत? आमरसाच्या डब्यात साखर असते, त्यामुळे गोड जास्त होतो बऱ्याचदा.

खाडीकाठची

जमला. एक वाटी रवा, एक वाटी आमरस, दीड वाटी पाणी, पाऊण वाटी तूप. साखर अर्धीच वाटी घातली, तुम्ही म्हणता तेच मनात होतं. वरून ओलं खोबरं. तिघांना पुरून वाटीभर उरला होता. तो पहाटे साडेचारला ह्यांनी सुकाणूवर बसून थंडच खाल्ला.